गुडघेदुखीच्या पुड्या देणारं नाडी शिबिर : आमचा अनुभव, जाण्याआधी वाचा

हा रिव्ह्यू एका नाडीवाल्या वैद्यांच्या शिबिराचा आहे. महिन्यातून एकदा पुण्यात एका मंगल कार्यालयाचा हॉल घेऊन ते बसतात आणि बाकीचे दिवस वेगवेगळ्या जिल्ह्यांत फिरत असतात. नाव लिहीत नाहीये कारण अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही तक्रार दिलीये आणि ती चालू असताना नाव टाकू नको असं नवऱ्याचं म्हणणं आहे. पण पद्धत सगळी लिहिते, कारण अशा पद्धतीने औषध देणारे लोक एकच नाहीत आणि वाचल्यावर तुम्हाला तुमच्या गावचा कोणीतरी आठवेलच.

पेशंट म्हणजे माझ्या सासूबाई. वय ६८, शुगर बरीच वर्षं आहे पण गोळ्यांवर नीट कंट्रोलमध्ये होती, तीन महिन्यांची शुगर (एचबीएवनसी) सातच्या थोडी वर असायची. खरा त्रास गुडघ्यांचा. एक्सरेत दोन्ही गुडघ्यांतली गॅप जवळजवळ गेलेली, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की आज ना उद्या सांधा बदलावा लागेल. आईंना ऑपरेशन नको होतं. त्यांच्या बहिणीचं एका गुडघ्याचं झालं होतं आणि नंतरचे व्यायाम करताना ती किती रडली हे आईंनी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे ती भीती उगाच नव्हती. रात्री बाथरूमला उठायचं म्हटलं तरी भिंत धरून जायच्या, देवघरासमोर खाली बसणं कधीच बंद झालेलं. अशा माणसाला कोणी "ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बंद" म्हटलं की ते ऐकणारच, त्यात त्यांचा काय दोष.

पत्ता शेजारच्या काकूंनी दिला. काकूंच्या भावाला फरक पडला होता. हॉलवर सकाळी सहापासून लाईन, दारातच मोठा फ्लेक्स, त्यावर संधिवात, शुगर, बीपी, मूळव्याध, लठ्ठपणा सगळं कायमचं बरं होतं असं लिहिलेलं आणि खाली बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो. टोकनचे २०० रुपये रोख. आत गेल्यावर एका लांब टेबलावर वैद्य बसलेले, बाजूला दोन मुलं पुड्या बांधत होती.

तपासणी अर्धा मिनिट. मनगट धरलं, डोळे मिटले, म्हणाले "वात हाडात शिरलाय, पोटात उष्णता आहे, झोप लागत नाही." मी फाईल पुढे केली, त्यात एक्सरे, शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी सगळं होतं, तर हाताने बाजूला सारली आणि म्हणाले कागद नकोत, नाडी सगळं सांगते. आईंनी स्वतःहून सांगायचा प्रयत्न केला की मला शुगर आहे, त्यावर "ती पण बंद होईल" एवढंच. कुठली गोळी चालू आहे, किडनी कशी आहे, आधी काही ॲलर्जी होती का, पायाला मुंग्या येतात का, यातलं एकही विचारलं नाही. पुढचा नंबर आत आलासुद्धा.

औषध म्हणजे साध्या पारदर्शक पिशवीत कागदाच्या पुड्या, रंग मातकट, आणि दुसऱ्या पिशवीत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या. पिशवीवर स्केचपेनने "स.सं." लिहिलेलं, बस. नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. एका महिन्याचे ३,६०० रुपये. पावती मागितली तर मुलगा म्हणाला शिबिरात पावती नसते. जीपे केलं तर पैसे भलत्याच कुणाच्या तरी नावावर गेले, तो स्क्रीनशॉट नवऱ्याने ठेवला आणि पुढे पैसे दिल्याचा तोच एक पुरावा उरला. पथ्याचा मात्र छापील कागद मिळाला, दही, वांगं, बटाटा, आंबट, शिळं, थंड पाणी सगळं बंद.

आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण माणसं इथेच फसतात. दोन-तीन दिवसांत आईंचं दुखणं खरोखर कमी झालं. कमी म्हणजे अगदी दिसण्यासारखं. सकाळी उठून स्वतः चहा ठेवला, जिना उतरून खाली बाकावर जाऊन बसल्या, काकूंना मिठी मारली. आम्ही सगळे इतके खूश झालो की नवऱ्याने ऑफिसातल्या दोघांना नंबर दिला. हे काही मनाचे खेळ नव्हते, औषधात काहीतरी होतं जे काम करत होतं, आणि ते काय होतं हे नंतर कळलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पहिला महिना संपतोय तोच भूक प्रचंड वाढली. एरवी एक पोळी खाणारं माणूस रात्री अकराला उठून डबे शोधायला लागलं. चेहरा गोल, गाल फुगलेले, नातेवाईक म्हणायचे तब्येत सुधारली तुमची. हातांवर काहीही न लागता काळेनिळे डाग पडायला लागले. झोप उडाली. आणि शुगर, जी उपाशीपोटी १३० च्या आसपास असायची ती २४० दाखवायला लागली, जेवणानंतर साडेतीनशेच्या घरात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवून दिली, तरी उतरेना. शिबिराच्या व्हॉट्सॲप नंबरवर विचारलं तर तिकडून व्हॉइस मेसेज आला की शरीरातली जुनी साखर बाहेर पडतेय, घाबरू नका, चांगलं लक्षण आहे. परत विचारलं तर म्हणे पथ्य मोडलं असेल. त्या बाईंनी दह्याला हात लावला नव्हता हो. नातवाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला नव्हता. आणि त्यांच्यावरच ढकललं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, कारण त्यानंतर आई स्वतःलाच बोल लावत बसायच्या की माझंच काहीतरी चुकत असेल.

मग एका महिन्यात शिबिर झालंच नाही. हॉल मिळाला नाही म्हणे, पुढच्या महिन्यात या. पुड्या संपल्या. चार-पाच दिवसांत आई अंथरुणातून उठेनात, अन्नावरची वासना गेली, उलट्या, अंग गळून गेलेलं, उभं राहिलं की चक्कर. रात्री बीपी बघितलं तर ९० च्या खाली आणि शुगर, जी इतके दिवस उतरत नव्हती, ती एकदम ६० वर. तसंच ॲडमिट केलं. सोडियमही कमी आलं होतं.

तिथल्या फिजिशियननी चेहरा बघितला, हातावरचे डाग बघितले, कातडी चिमटीत धरून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "सांधेदुखीची कुठली देशी पुडी चालू होती का?" म्हणजे त्यांच्यासाठी हे नवीन नव्हतंच. सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायला पाठवलं, ते २ च्याही खाली आलं, जे साधारण ५ ते २५ मध्ये असायला हवं. मग त्यांनी बसवून समजावलं. आपल्या किडनीच्या वर छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात, अंगात ताकद, बीपी, शुगर हे सगळं त्यावर चालतं. बाहेरून स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, रोज जात राहिलं की तीनेक आठवड्यांनंतर त्या ग्रंथी काम थांबवायला लागतात, आणि बाहेरचं एकदम बंद झालं की शरीराकडे स्वतःचंही नसतं आणि बाहेरचंही नसतं. गोल चेहरा, भूक, डाग, वाढलेली शुगर ही स्टेरॉईडची लक्षणं, आणि नंतरचं कोसळणं हे ते अचानक तुटल्याचं.

मी विचारलं पण मग इतका आराम कसा पडला. तर म्हणाले पडणारच, १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईंना पहिल्यांदा कॉर्टिसोनची (हेही स्टेरॉईडच) इंजेक्शनं दिली तेव्हा त्या थोड्याच दिवसांत उठून बाहेर चालायला लागल्या होत्या, सगळ्यांना चमत्कारच वाटला आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पण लगेचच लक्षात आलं की हे जास्त दिवस दिलं तर हाडं ठिसूळ होतात, शुगर-बीपी वाढतं, मोतीबिंदू होतो, म्हणून आज डॉक्टर ते मोजून मापून, शक्य तितके कमी दिवस आणि हळूहळू कमी करत देतात. आणि हे शेड्यूल एच मधलं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय केमिस्टने द्यायचंच नसतं. गोळी इतकी स्वस्त असते की पुडीत कुटून घातली तर खर्च जवळजवळ शून्य. त्याचे आमच्याकडून महिन्याला ३,६०० घेतले, आणि शुगरच्या पेशंटला दिलं, न सांगता. पुडीत नेमकं कुठलं स्टेरॉईड किती होतं हे प्रयोगशाळा सांगेल, पण शरीरात बाहेरून स्टेरॉईड जात होतं याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती, कारण आईंना दुसरीकडून कुठूनही ते दिलेलं नव्हतं. सांध्यात इंजेक्शनसुद्धा नाही.

नवरा पुढच्या शिबिराला फाईल घेऊन गेला. भांडायला नाही, फक्त घटक विचारायला, कारण डॉक्टरांना ते हवे होते. उत्तर काय मिळालं, ही गुरुपरंपरा आहे, फॉर्म्युला सांगता येत नाही, यात फक्त जडीबुटी आहे, हॉस्पिटलवाल्यांनीच तुमच्या आईला बिघडवलं. लायसन विचारलं तर म्हणाले वैद्याला लायसन लागत नाही. हे अर्धं खरं आहे म्हणून मुद्दाम लिहिते. औषधांच्या कायद्यात वैद्याने स्वतःच्या पेशंटसाठी स्वतः औषध तयार केलं तर उत्पादनाच्या लायसनमधून सूट आहे. पण ती सूट आयुर्वेदिक औषध बनवण्याची आहे, त्यात स्टेरॉईड मिसळायची परवानगी कुठल्याच कायद्यात नाही. आणि दारातला तो फ्लेक्स तर सरळसरळ बेकायदा आहे, १९५४ चा जादुई उपचार आणि आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत आणि शुगर, संधिवात, बीपी, लठ्ठपणा चारही त्यात येतात, हे बरे करतो अशी जाहिरातच करता येत नाही.

डिग्री विचारली तर हॉलच्या भिंतीवरचं कुठल्यातरी सन्मानाचं प्रमाणपत्र दाखवलं. आपल्याकडे बीएएमएस साडेपाच वर्षांचं असतं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, आणि मग महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नाव नोंदवून नंबर मिळतो. तो नंबर विचारला तेव्हा मुलांनी नवऱ्याला बाहेर काढलं. पैसे परत मागितले तर हसले.

आता कोणी म्हणेल ही आयुर्वेदाविरुद्ध लिहितेय. अजिबात नाही. आमच्या घरात महानारायण तेलाची बाटली कायम असते, निर्गुंडीच्या पाल्याने शेक आईंच्या आईपासून चालत आलाय. सासऱ्यांना कंबरेसाठी रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालयाच्या ताराचंद रुग्णालयात नेलं होतं तेव्हा केसपेपर काढला, सगळा इतिहास विचारला, ॲलोपथीच्या गोळ्या कुठल्या ते लिहून घेतलं, औषधांची नावं कागदावर दिली. आयुर्वेद असाच असतो. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात रोगी कसा तपासावा तर दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असं सांगितलंय, बघायचं, हात लावायचा आणि विचारायचं. चरक-सुश्रुतात नाडीवरून निदान करण्याचं प्रकरणच नाही, ते शार्ङ्गधर संहितेत, बरंच नंतर येतं, आणि तिथेही नाडी धरली म्हणजे बाकी काही विचारू नका असं नाहीये. ज्या माणसाने माझ्या सासूबाईंना एक प्रश्न विचारला नाही तो आयुर्वेदाच्या नावावर काय करत होता? अभ्यास करून, कष्टाने प्रॅक्टिस उभी करणाऱ्या चांगल्या वैद्यांचं नाव हेच लोक खराब करतात आणि मला वाटतं सगळ्यात मोठ्याने त्या वैद्यांनीच यावर बोलायला पाहिजे.

काळ्या गोळ्यांचं राहिलं. नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणाली पुड्यांचं कळलं पण त्या गोळ्यांत भस्म असेल तर शिसं तपासून घ्या. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि नंतर २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी १९३ तपासली त्यातही साधारण पाचात एक तशीच निघाली, रसौषधींमध्ये, म्हणजे पारा-धातू वापरून केलेल्या औषधांत, प्रमाण जास्त. शिसं अंगात गेलं की पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं, हातापायांच्या नसा कमजोर होणं असं होतं. आम्ही रक्तातलं शिसं तपासून घेतलं, नॉर्मल आलं. तेवढाच जीव भांड्यात पडला. पण मुद्दा हा की तपासावं लागलं, कारण पिशवीवर काही लिहिलेलंच नव्हतं. दुकानात मिळणाऱ्या लायसनवाल्या आयुर्वेदिक औषधावर घटक, लायसन नंबर, बॅच, तारखा छापणं नियमाने बंधनकारक आहे, साध्या त्रिफळा चूर्णाच्या डबीवरसुद्धा असतं बघा, आणि ३,६०० च्या पिशवीवर स्केचपेनचे दोन अक्षरं.

आत्ता आई घरी आहेत. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे ज्याने बिघडवलं त्याच जातीचं औषध पण मोजून, आणि ते हळूहळू कमी करायचं, त्याला महिने लागतील. ताप आला, जुलाब झाले तर डोस वाढवावा लागतो, म्हणून पर्समध्ये चिठ्ठी ठेवलीये की यांना स्टेरॉईड चालू आहे, कुठे बाहेर काही झालं तर दवाखान्यात कळावं. एचबीएवनसी ९.४ पर्यंत गेलं होतं, इन्सुलिन सुरू करावं लागलं, आता कमी होतंय. हाडांची घनता तपासायचीये. फिजिओ येतात, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतात, आणि आई ते करतात, तोंड वाकडं करत का होईना पण करतात.

गुडघे मात्र परत दुखायला लागले, पूर्वीसारखेच. परवा रात्री म्हणाल्या, "अगं, त्या पुडीने बरं वाटत होतं गं, थोडीशी ठेवली असतीस तर." मला काय बोलावं कळेना. इतकं सगळं झाल्यावरही त्यांना ती पुडी हवी आहे कारण त्या काही आठवड्यांत त्या बिनदुखण्याच्या चालल्या होत्या, आणि त्या माणसाने त्यांच्या याच गरजेवर धंदा केला. ऑपरेशनचा विषय आता त्यांनी स्वतःहून काढलाय, शुगर खाली आली की हाडांच्या डॉक्टरांना परत भेटणार आहोत. २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातलीये हेही आम्हाला आत्ताच कळलं, पहिल्यांदा कोटेशन ऐकून आम्ही घाबरलो होतो ते जुन्या ऐकीव आकड्यांमुळे.

ज्यांच्या घरी अशी पुडी आत्ता चालू आहे त्यांना हात जोडून सांगते, हे वाचून घाबरून आज रात्रीपासून बंद करू नका. अचानक बंद केल्यानेच आई आयसीयूच्या दारापर्यंत गेल्या. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, न लाजता सांगा काय चालू आहे आणि किती दिवसांपासून, सकाळी आठचं कॉर्टिसॉल करायचं का ते विचारा, ते सांगतील तसं कमी करा. काकूंच्या भावालाही आम्ही हेच सांगितलं, त्यांचं बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे, त्यातल्या एकाच्या आईने सुरू केली होती, ती पण आता दाखवून आली.

आणि ज्यांनी पुण्यात याच शिबिरातून औषध घेतलंय (मातकट पुड्या, काळ्या गोळ्या, स्केचपेनने स.सं.) त्यांनी न उघडलेली पिशवी असेल तर फेकू नका. आमच्याकडे उरलेल्या दोनच पुड्या होत्या आणि त्याही उघडलेल्या, अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसमध्ये पहिलं तेच विचारलं की सीलबंद आहे का. पिशवी, जीपेचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, पथ्याचा कागद, फ्लेक्सचा फोटो, जे असेल ते जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या आपापल्या जिल्ह्याच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्यायला विसरू नका.